रोज एक गोळी : अर्धशिशी प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

कंपनीच्या मशीन शॉपमध्ये पार्ट तपासताना, इन्स्पेक्शनला, वापरतो तीच दोनशे पानी वही. पहिल्या पानावर पार्टचं नाव लिहायची सवय आहे, म्हणून लिहिलं. पार्ट : डोकं. दोष : अर्धशिशी. वापरात : ३९ वर्षं. इन्स्पेक्टर : मीच.

कारण मागच्या महिन्यातला लॉट. उजव्या डोळ्यामागे ठोके पडत असताना साठ हाउसिंगचे बोअर, म्हणजे आतल्या भोकांचे व्यास, तपासले, साठांवर ओकेचा शिक्का मारला आणि त्यातले नऊ कस्टमरकडून परत आले. बोअर गेजचा काटा मला दिसत होता, वाचता येत नव्हता. सुपरवायझर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी न्यूरोच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, महिन्यातून किती दिवस दुखतं? म्हटलं, सात-आठ. मग विचारलं, अजिबात दुखत नाही, आपल्याला डोकं आहे याची आठवणसुद्धा होत नाही, असे दिवस किती? मी बोटं मोजायला घेतली आणि तर्जनीवरच थांबले.

त्यांचा हिशोब असा : तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखतं आणि त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतात, तर ती जुनाट अर्धशिशी. तसं असेल तर दुखल्यावर घ्यायची गोळी पुरत नाही, दुखू नये म्हणून रोज घ्यायची गोळी लागते. पण आधी चार आठवडे मोजून आणा, औषध मग. हे मला एकदम पटलं. मशीनला ऑफसेट द्यायच्या, म्हणजे टूल थोडं सरकवायच्या, आधी आम्हीही तीस पीस मोजतो.

पद्धत ठरवली. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे दुखतंय पण काम चालतं. २ म्हणजे काम होतं पण चुकतं. ३ म्हणजे पडदे ओढून आडवं. मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं यांना बाजूला वेगळ्या खुणा. दुखण्याची गोळी घेतली की स्ट्रिपचा तेवढा चौकोन कापून त्या तारखेला चिकटवायचा.

५ जून, गुरुवार

पाच दिवसांत चार चंदेरी चौकोन. शॉपबाहेरच्या मेडिकलमधून सुटी घेते ती गोळी, तीन औषधं एकत्र असलेली, त्यात कॅफीनही. आजवर कुणी विचारलं असतं तर ‘कधीतरी घेते’ म्हणाले असते.

१४ जून, शनिवार

आजची नोंद लांब होणार.

सकाळी गॅस सिलिंडर कधी लावला ते पाहायला कालनिर्णय काढलं. सासूबाई त्यावर पेन्सिलीने सगळं लिहितात. दूध जादा, दूध नाही, गॅस लावला, बाई आली नाही. काही चौकोनांच्या उजव्या कोपऱ्यात बारीक फुली दिसली. जूनमध्येच सहा. विचारलं, आई, ही फुली कशाची? कणीक मळता मळता म्हणाल्या, “तू आडवी असतेस त्या दिवसाची. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे येतो ना, म्हणून.”

मग मागची पानं उलटली. मे महिन्यात १४ फुल्या, एप्रिलमध्ये १२. मी डॉक्टरांना सात-आठ सांगून आले होते, आणि खरा आकडा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता.

किती वर्षांपासून करता, विचारलं. “तुझी धाकटी झाली तेव्हापासून असेल. कुणाला सांगायला नाही गं. मला कळावं म्हणून.” धाकटी नऊ वर्षांची आहे.

जुनी कालनिर्णयं कुठे आहेत? रद्दीत गेली. २०२४चं मात्र मसाल्याच्या फडताळात डब्यांखाली अंथरलेलं मिळालं. मार्च ते ऑगस्टची पानं धड आहेत. सप्टेंबरच्या पानावर तेलाची बरणी होती, ते पान आता चष्म्याच्या काचेइतकं पारदर्शक झालंय. सगळी पानं पुसून, सुकवून, वहीत घडी करून ठेवली. डब्यांखाली वर्तमानपत्र घातलं.

२० जून, शुक्रवार

एक गोष्ट मोजताना सापडली. ‘गोड खाल्लं की माझं डोकं उठतं’ हे मी पंधरा वर्षं सांगत आलेय. वहीत क्रम उलटा दिसतो. आधी जांभया, मग मान आखडणं, मग बुधवारी दुपारी कँटीनमधले दोन गुलाबजाम, मग सहा तासांनी डोकं. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर म्हणाले, गोड खावंसं वाटणं हा हल्ल्याचाच पहिला भाग असू शकतो, हल्ला आत सुरू झालेला असतो. म्हणजे गुलाबजाम निर्दोष. त्यांच्यावर इतकी वर्षं रिजेक्टचा शिक्का होता.

३० जून, सोमवार

१ ते २८ जून, २८ दिवस. डोकं दुखलेले दिवस १९. त्यातले अर्धशिशीचे ११. गोळी घेतलेले दिवस १६. अगदी मोकळे दिवस ९. फुल्या १३. त्यातल्या दोन फुल्या मी ० लिहिलेल्या दिवशी आहेत, ते नंतर बघायचं.

डॉक्टरांनी आधी चिकटवलेले चौकोन पाहिले. अशा मिश्र गोळ्या महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. साध्या पॅरासिटामॉलसारख्या गोळीला ही मर्यादा १५ दिवसांची. मी दोन्हींच्या पलीकडे.

मग रोजचं कुठलं औषध, यावर अर्धा तास. प्रोप्रॅनोलॉल बाद, लहानपणी दमा होता. ॲमिट्रिप्टिलिन दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं होतं, सकाळी झोप सरेना, कंपनीची बस दोनदा चुकली तेव्हा मीच सोडलं. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, मन खाली जातं आणि कधी हातापायांत कंप येतो. माझ्या आईला कंपवात आहे, म्हणून त्यांनीच नको म्हटलं. उरलं टोपिरामेट. मूळचं फिटचं औषध, अमेरिकेत २००४ साली अर्धशिशी टाळण्यासाठी मान्यता मिळालेलं, आणि स्वस्त.

प्रश्नांची यादी मोठी होती. मूल हवंय का? गर्भावर वाईट परिणाम होतो, म्हणून हे आधी. म्हटलं, ऑपरेशन झालंय. तरी तपासणी करून घेतली. मूतखडा? मला नाही, भावाला आहे. मग दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, सबब चालणार नाही. डोळ्यांचं काही? पहिल्या महिन्यात अचानक डोळा दुखून धूसर दिसलं तर गोळी बंद आणि तडक डोळ्यांचा डॉक्टर, कारण क्वचित डोळ्यातला दाब एकदम चढतो. ज्या बाईचा डोळा महिन्यातले अकरा दिवस तसाच दुखतो तिने हे कसं ओळखायचं, असं विचारलं. हसले नाहीत. म्हणाले, लाल झाला, धूसर झालं, दिव्याभोवती वलय दिसलं तर वाट पाहू नका.

डोस : रात्री २५ मिग्रॅ, दर आठवड्याला २५ने वाढ, १०० पर्यंत. दुखण्याच्या जुन्या गोळ्या उद्यापासून पूर्ण बंद. दहा दिवस नॅप्रोक्सेन या दुसऱ्या वेदनाशामकाचा आधार. फार चढलं तर रिझाट्रिप्टान, अर्धशिशीचा हल्ला उतरवणारी गोळी, आठवड्यात दोन दिवसांहून जास्त नाही.

इथे माझा आक्षेप होता. एका वेळी एकच बदल करायचा, हे आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतात. टूलही बदललं आणि ऑफसेटही दिला, तर साइझ कशाने आली ते कळत नाही. जुनी गोळी बंद आणि नवी सुरू, दोन्ही एकाच तारखेला? डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला कारण शोधायचंय की बरं व्हायचंय?” म्हटलं, दोन्ही. म्हणाले, बरं होणं आधी.

निषेध नोंदवून ठेवते.

१ जुलै, मंगळवार

रात्री साडेनऊला पहिली गोळी. सासूबाईंना सांगितलं, फुली मारणं चालू ठेवा आणि माझी वही बघू नका. मीही महिना संपेपर्यंत कालनिर्णयातल्या फुल्या बघणार नाही. दोन इन्स्पेक्टर, एकच पार्ट, एकमेकांचं रीडिंग न बघता. त्यांना गंमत वाटली. “म्हणजे मी पण कामाला लागले म्हण की कंपनीत.”

४ जुलै, शुक्रवार

३, ३, ३. जुनी गोळी सोडल्याचे हे दिवस आहेत, असं सांगितलं होतं. सांगणं वेगळं. काल दोनदा उलटी. नवरा अर्धी रजा टाकून आला आणि दारात उभा राहून कुजबुजत विचारत होता, काही हवंय का. त्याचं कुजबुजणंही मोठं वाटत होतं.

सासूबाईंनी सुंठ उगाळून लेप लावला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी मला सात दिवस सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली होती, अर्धशिशीवरचा हमखास उपाय म्हणून. तेव्हा नोंद ठेवली असती तर आज त्याचाही निकाल देता आला असता.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपास नाही. उपाशी पोटी माझं डोकं नक्की उठतं, हे जूनच्या नोंदीत गुलाबजामसारखं उलटं नाही, सरळ आहे. सासूबाई म्हणाल्या, “पांडुरंग काय वहीत बघतोय होय? खा तू.” दुपारी साबुदाणा खिचडी त्यांची आणि भाकरी माझी, एकाच ताटलीत.

९ जुलै, बुधवार

नवव्या दिवशी पहिला शून्य. कालपासून ५० मिग्रॅ.

१५ जुलै, मंगळवार

आजपासून ७५. बोटांच्या टोकांना मुंग्या. हे सांगितलेलं होतं, बऱ्याच जणांना होतं. घरात काही वाटत नाही. शॉपमध्ये वाटतं. मायक्रोमीटरला रॅचेट असतं, दाब तेच ठरवतं, बोटांवर काही नसतं. पण बोअर गेज आत घालून हलकेच डुलवायचा असतो आणि काटा जिथून उलटा फिरतो ते सगळ्यात कमी रीडिंग पकडायचं असतं. तिथे डोळ्याइतकंच मनगट लागतं. प्लग गेजची गो साइड, म्हणजे भोकात उतरायलाच हवं ते टोक, स्वतःच्या वजनाने उतरली की ढकलावी लागली, हे बोट सांगतं. आज माझं बोट उशिरा सांगत होतं.

१७ जुलै, गुरुवार

रात्री अकराला उजवा डोळा ठणकायला लागला. गोळी सुरू होऊन सतरा दिवस. आरशात पाहिलं, लाल नाही. ट्यूबलाइटभोवती वलय आहे का? आहे असं वाटलं. नवऱ्याला विचारलं, तुला दिसतं का? तो म्हणाला, मलाही दिसतं. चष्मा पुसला, दोघांचंही वलय गेलं.

तरी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दाब १४. २१ पर्यंत ठीक. २ लिहिलं, पुढे चालू.

२० जुलै, रविवार

धाकटीबरोबर रविवार कारंजा चौकाजवळ गेलो, लिंबू सोडा घेतला. मी गाडीवाल्याला म्हटलं, दादा, गॅस गेलाय. त्याने दुसरी बाटली फोडली, फस्सकन फेस वर आला, तरी तोंडात नुसतं लिंबूपाणी. धाकटी म्हणाली, आई, झिणझिण्या येतायत की! तेव्हा लक्षात आलं. टोपिरामेट शरीरातलं एक एन्झाइम अडवतं, कार्बोनिक ॲनहायड्रेज. सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं जिभेवर आम्ल करणारं तेच, आणि तिथूनच ती झणझणीत चव येते. मुंग्याही त्याच एन्झाइमशी जोडतात, मूतखड्याची भीतीही. गाडीवाल्याला दोन्ही बाटल्यांचे पैसे दिले. तो घेत नव्हता.

मला हा दिवस फार आवडला. गोळी आत पोचून काहीतरी करते आहे, याचा डोकेदुखीशी संबंध नसलेला पहिला पुरावा.

२५ जुलै, शुक्रवार

मंगळवारपासून १००. शब्द जायला लागलेत.

गॅसवर दूध उतू चाललं होतं. मी हात पुढे करून ओरडत होते, “ते द्या ना, ते… गरम धरायचं!” सासूबाईंनी सांडशी दिली आणि मग दिवसभर, “हे बघ, हिला सांडशी म्हणतात.” शॉपमध्ये व्हर्निअरचं, सरकत्या मापपट्टीचं, नाव आठवेना. ‘सरकवायचं’ म्हणाले. पोरं समजली, हसली. मीही हसले. हसू फार वेळ टिकलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

१ ते २८ जुलैचा हिशोब : दुखलेले दिवस २०. जूनपेक्षा एक जास्तच. पण त्यात गोळ्या सोडल्याचे आठ आहेत. पूर्ण जुलैच्या फुल्या १३. २०२४च्या जुलैत १२. महिन्याभरात काही सुधारलं, असं कागद तरी म्हणत नाही. रोजच्या औषधाला पूर्ण डोसवर निदान आठ आठवडे द्यायचे असतात, तोवर निकाल लावायचा नाही, हे वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहून घेतलंय. आज ते तीनदा वाचलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

२४.९८७ वाचलं, २४.९७८ लिहिलं. एकदा नाही, दुपारपर्यंत तीनदा. शेजारच्या टेबलवरच्या मुलीने पकडलं. डोकं दुखत नव्हतं. ० होता. म्हणजे आता दुखत नसताना चुकतेय.

घाबरून रडू येण्याऐवजी मला काम सुचलं, हे बरं झालं. संध्याकाळी थांबून गेज आर अँड आर लावलं, म्हणजे तेच पीस पुन्हा पुन्हा मोजून आकड्यांतला किती फरक नुसत्या मोजणीचा आहे ते काढलं. दहा पीस, ती आणि मी, प्रत्येकी तीन फेऱ्या, पीसचे नंबर झाकून. मार्चमध्ये आम्हा दोघींचं ९ टक्के आलं होतं. १०च्या खाली चांगलं, ३०च्या वर तर ती मोजणीच टाकून द्यायची. आज २४. तिच्या स्वतःच्या फेऱ्या एकमेकींशी जुळत होत्या, माझ्या नव्हत्या.

आता खरा प्रश्न. याच डोक्याने मी रोज रात्री ही वही लिहितेय. मापायचं ते आणि मापणारं ते एकच, आणि गोळी दोघांवर काम करतेय. आजचा शून्य शून्यच होता, की मला कळला नाही?

८ ऑगस्ट, शुक्रवार

फोन केला. टक्केवारी वाचून दाखवली. डॉक्टर क्षणभर गप्प, मग म्हणाले, असा रिपोर्ट मला कुणी दिला नव्हता. ७५ वर या, दोन आठवडे बघू. एकदम बंद करू नका. जर्मनीत ७७७ रुग्णांवर टोपिरामेट आणि एरेनुमॅब नावाचं महिन्यातून एकदा टोचायचं नवं इंजेक्शन यांची तुलना झाली, त्यात टोपिरामेट घेणाऱ्यांतल्या ३८.९ टक्के लोकांनी त्रासामुळे औषध सोडलं, इंजेक्शनवाल्यांत १०.६ टक्के, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे मी काही नाजूक नाही. इंजेक्शनची किंमत विचारली आणि ७५ वर आले.

सुपरवायझरना स्वतः जाऊन सांगितलं. दोन आठवडे फायनल इन्स्पेक्शन नको, इनकमिंगला, बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीला, टाका. कारण सांगितलं. त्यांच्या बहिणीलाही अर्धशिशी आहे म्हणे. दहा वर्षं एका छताखाली, आज कळलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

७५ वर दोन आठवडे. आर अँड आर पुन्हा : १२. सांडशी, व्हर्निअर, फुलपात्र, झारा, सगळे शब्द हजर. कधी कधी नावं अजून अडतात, पण ती पूर्वीही अडायची.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा टप्पा, २९ जुलै ते २५ ऑगस्ट : दुखलेले दिवस १४. वजन ६१ वरून ५८. भूक कमी. उद्या गणपती, सासूबाईंनी आत्ताच सांगून टाकलंय की मोदक मोजायचे नाहीत.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. गल्लीतून मिरवणूक गेली तेव्हा खिडकीची तावदानं आणि माझे दात एकाच ठेक्यात वाजत होते. कानात बोळे घालून आतल्या खोलीत. ढोल सहन होतो, त्याला मधे श्वास असतो. डीजेला नसतो. २, एक रिझाट्रिप्टान, दोन तासांत उतरलं. पूर्वी मिरवणुकीचे तीन दिवस जायचे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिसरा टप्पा, २६ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर : ११ दिवस. अर्धशिशीचे ५. रिझाट्रिप्टान ४ दिवस. डॉक्टर खूश. रक्तात बायकार्बोनेट किंचित खाली आहे, लक्ष ठेवायचं, पाणी चालू.

मी तितकी खूश नव्हते, आणि विचारलं. १९ वरून ११, यातले किती दिवस गोळीचे?

२०२३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ॲटोजेपँट या नव्या रोजच्या गोळीची चाचणी आली आहे. जुनाट अर्धशिशीचे ७७८ रुग्ण, १२ आठवडे. रोज ६० मिग्रॅ घेणाऱ्यांचे महिन्याचे अर्धशिशीचे दिवस सरासरी ६.९ ने उतरले, ३० मिग्रॅ दोनदा घेणाऱ्यांचे ७.५ ने. आणि ज्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली, त्यांचे ५.१ ने. ते अर्धशिशीचे दिवस, माझे सगळ्या डोकेदुखीचे, शिवाय औषध वेगळं, म्हणून आकड्याला आकडा लावत नाही. पण काहीच नसलेली गोळी पाच दिवस उतरवते, हे वाचल्यावर झोप लागेना. त्यात मी जुनी गोळीही सोडलेली. आणि माणूस डॉक्टरकडे जातो तोच सगळ्यात वाईट महिन्यात, नंतरचा महिना आपोआप थोडा बरा निघतो.

म्हटलं, मला पंधरा दिवस न सांगता रिकामी गोळी द्या. नाही म्हणाले. हे आत्ता नाही. सहा महिने पूर्ण होऊ द्या, मग हळूहळू कमी करून बघू. असं एकदा मोठ्या प्रमाणावर झालंय, २००७ साली छापून आलं : सहा महिने टोपिरामेट दिल्यावर निम्म्यांना नकळत रिकाम्या गोळीवर नेलं. त्यांचे दिवस पुन्हा वाढले, पण सगळे मूळपदावर गेले नाहीत.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला (डोकं न दुखता). माझ्याकडे मागच्या वर्षीची पानं आहेत की! वाईट महिन्याचा प्रश्न तरी त्यांनी सुटतो. २०२४ जुलै १२ फुल्या, ऑगस्ट १४. या वर्षी जुलै १३, ऑगस्ट ८. सप्टेंबरमध्ये आजवर ४. मागचा सप्टेंबर तेलात बुडालेला आहे, पण पान उजेडासमोर धरून मोजलं तर निदान ११ दिसतात. म्हणजे पावसाळ्यात माझं डोकं आपोआप सुधारतं असं नाही. गोळी, जुनी गोळी सोडणं आणि मनाची समजूत, यांची वाटणी कालनिर्णय सांगू शकत नाही. तेवढ्यावर आज झोपते.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऑक्टोबर हीट. घाम येत नाही, हाही या गोळीचा गुण. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीकडे गेले होते, सगळे निथळत होते आणि मी कोरडी, तोंड लालबुंद. बरं दिसतं, बरं नसतं. पाण्याची बाटली आता गेजच्या पेटीत ठेवते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

चौथा टप्पा, २० ऑक्टोबरपर्यंत : ८. दुखलेले दिवस मोकळ्या दिवसांपेक्षा कमी, आणि कमी म्हणजे चांगलेच कमी. आज भाऊबीज. भाऊ विचारत होता, बरी झालीस का? त्याला वही दाखवली. तो मूतखड्याच्या जोरावर मला पाण्यावर व्याख्यान देत होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाचवा : ९. एकाने वाढला. जून महिन्यातल्या मी एक आकडा वर गेला म्हणून कारणं शोधली असती. फरक मोजणीच्या चुकीत बसतो, सोडून दिलं.

फायनल इन्स्पेक्शनला परत. सोमवारी पहिला लॉट, साठ हाउसिंग. दुसऱ्या मुलीकडून वीस पुन्हा तपासून घेतले, तिला न सांगता का ते.

१६ डिसेंबर, मंगळवार

सहावा : ७. डॉक्टरांशी ठरलं. ७५ जूनपर्यंत चालू, मग दर दोन आठवड्यांनी २५ कमी, मोजणी सुरू ठेवून. वजन ५७ वर थांबलंय. सोडा अजून फिकाच लागतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घट मांडला, उपास सासूबाईंनी केला, पुरणाचा वाटा मला मिळाला.

२०२६चं कालनिर्णय आणायचं होतं म्हणून दुपारी जुनं आणि माझी वही शेजारी ठेवून सगळे महिने जुळवायला बसलो. बहुतेक जुळलं. पण जूनमधल्या त्या दोन फुल्या, ऑगस्टमधली एक, आणि या ९ तारखेची एक. माझा ० आणि त्यांची फुली. मला हेच भय होतं, की आतून न कळणारं दुखणं त्यांना बाहेरून दिसत होतं. विचारलं, आई, ९ तारखेला मी कशी होते? तोंड उतरलं होतं का?

आठवून म्हणाल्या, “९ ला? छे गं. चांगली होतीस. मेथी कोवळी आली होती, मलाच थालीपिठं करावीशी वाटली. स्वयंपाक माझ्याकडे आला, म्हणून फुली.”

मग जूनमधल्या?

“त्याही तशाच असतील.”

आणि २०२४च्या ऑगस्टमधल्या १४ पैकी थालीपिठाच्या किती?

“ते आता कसं आठवायचं?” म्हणाल्या आणि नव्या कालनिर्णयाला दोरा ओवायला सुई मागितली.

वहीत २०२४च्या रकान्यात दुरुस्ती केली : १४, वजा थालीपिठं, संख्या अज्ञात. जानेवारीपासून फुलीला दोन रंग. लाल पेन्सिल धाकटीच्या कंपासमधून घेतली आहे.